तुरेवाले पेंग्विन आणि तेलाचा व्यापारी

पेंग्विन म्हटले की मुलांना आठवतो तो बर्फ. पाठ्यपुस्तकातला पेंग्विन नेहमी बर्फावरच उभा असतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हा हे पक्षी मूळचे पेरू आणि चिली या देशांच्या कोरड्या किनाऱ्यांवरचे आहेत, बर्फाशी त्यांचा संबंध नाही, हे ऐकून मोठ्यांनाही आश्चर्य वाटले. खरे तर पेंग्विनांच्या अठरा-एकोणीस जातींपैकी बर्फात राहणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. उरलेल्यांपैकी एक मोठा गट डोक्यावर पिवळे तुरे मिरवणाऱ्यांचा. शास्त्रीय भाषेत या गटाचे नाव युडिप्टीज, म्हणजे ‘चांगला बुडी मारणारा’. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाच्या बर्फापासून बरेच अलीकडे, वाऱ्यापावसाने झोडपलेली काही एकाकी बेटे आहेत. तिथल्या गवतात, खडकांत आणि चिखलात या पक्ष्यांच्या वसाहती असतात.

या गटातल्या रॉयल पेंग्विनची हकिगत आम्ही इथे सांगणार आहोत. ही हकिगत पक्ष्याची आहे, तशीच एका धंद्याची आणि त्यावरून झालेल्या एका वादाचीही आहे. सुमारे तीस वर्षे एका बेटावर या पक्ष्यांना मारून त्यांचे तेल काढले जात होते. व्यापारी म्हणत होता, पक्षी काही कमी झालेले नाहीत. विरोधक म्हणत होते, हे असेच चालले तर ही जात संपेल. शेवटी सरकारने विरोधकांचे ऐकले. पण बेटावर पक्षी होते किती? ते दोघांपैकी कोणीच मोजले नव्हते.

आधी बेटाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव मॅक्वारी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया आहे. तिथून आणखी सुमारे १५०० किलोमीटर दक्षिण-आग्नेयेला गेले की हे बेट लागते. लांबी ३४ किलोमीटर, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे इतकी, आणि रुंदी जास्तीत जास्त पाचेक किलोमीटर. बेटावर एकही झाड नाही. सरासरी तापमान पाच अंश सेल्सियसच्या आसपास, आणि वर्षातले तीनशेहून अधिक दिवस पाऊस किंवा हिमवर्षाव. कमरेइतके उंच गवताचे झुबके, आणि मोठ्या पानांची एक वनस्पती. तिला खलाशी ‘मॅक्वारी कोबी’ म्हणत आणि स्कर्व्ही होऊ नये म्हणून खात.

१८१० साली फ्रेडरिक हॅसलबरो नावाचा कप्तान सीलच्या शोधात सिडनीहून निघाला होता. त्याला हे बेट सापडले. त्याने बेटाला न्यू साऊथ वेल्सचे गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांचे नाव दिले. (हे मॅक्वारी मुंबईला अनोळखी नव्हेत. १७८८ साली ते ७७व्या पलटणीबरोबर मुंबईत आले, १७९३ साली त्यांचे पहिले लग्न मुंबईतच झाले, आणि १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईतही ते होते.) बेटावर फर सीलचे कळप होते. त्यांच्या कातड्याला चांगला भाव येई. दहा वर्षांच्या आत बेटावरचे फर सील संपले. १८२० साली बेलिंग्सहाउझेन हा रशियन दर्यावर्दी तिथे पोचला तेव्हा सीलमारे एलिफंट सीलच्या चरबीकडे वळले होते, आणि त्यांच्याबरोबर आलेली मांजरे रानटी होऊन गवतात फिरत होती. ही मांजरे लक्षात ठेवावीत. ती पुढे पुन्हा येणार आहेत.

एलिफंट सीलही कमी होत गेले, तेव्हा नजर पेंग्विनांकडे वळली.

पक्षी

ज्याच्याविषयी हा सारा वाद झाला तो पक्षी दिसतो कसा? रॉयल पेंग्विनची उंची ६५ ते ७५ सेंटिमीटर. आपल्या टेबलाच्या उंचीपेक्षा किंचित कमीच. वजन सर्वसाधारणपणे पाच किलोच्या आसपास, पण ते वर्षभर सारखे नसते, आणि आपल्या हकिगतीत यालाच महत्त्व आहे. पाठ काळी, पोट पांढरे. चोच जाड, तांबूस नारिंगी, तिच्या मुळाशी गुलाबी कातडी. डोळे लालसर. कपाळाच्या मध्यापासून निघून दोन्ही डोळ्यांवरून मागे जाणारा पिवळा-केशरी पिसांचा तुरा. पाण्यातून बाहेर आला की तो डोक्याला चिकटतो, आणि वाळला की विस्कटलेल्या केसांसारखा उभा राहतो. या पक्ष्याला चटकन ओळखायची खूण मात्र तुरा नव्हे, चेहरा आहे. याचा जवळचा भाऊबंद मॅकरोनी पेंग्विन. त्याचा तुरा अगदी असाच, पण चेहरा काळा. रॉयलचा चेहरा आणि गळा पांढरा किंवा फिकट करडा. (अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या नटव्या तरुणांना ‘मॅकरोनी’ म्हणत. तुरा पाहून खलाशांना तेच आठवले असणार.)

ऑटो फिन्श या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने १८७६ साली रॉयलचे शास्त्रीय वर्णन केले आणि हेरमान श्लेगेल यांच्या सन्मानार्थ त्याला श्लेगेली हे नाव दिले. ही खरोखर स्वतंत्र जात आहे की मॅकरोनीचाच फिकट चेहऱ्याचा प्रकार, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. जनुकांच्या दृष्टीने दोघे फारच जवळचे आहेत. पण रॉयल पेंग्विनांच्या वसाहती मॅक्वारी बेट आणि त्याच्या शेजारचे काही खडक एवढ्यातच आहेत, यात शंका नाही. जात म्हणा की प्रकार म्हणा, ती संपवायची झाली तर एकच बेट पुरे.

या पक्ष्याचे वर्ष घड्याळासारखे चालते. मे ते सप्टेंबर हे पक्षी समुद्रात असतात. बेटावर एकही दिसत नाही. सप्टेंबरमध्ये नर येतात, मागोमाग माद्या. किनाऱ्यावर उतरून ओढ्याच्या पात्रातून, चिखल तुडवत, रांगेने आत आणि वर चढत ते आपल्या जुन्या जागी जातात. काही वसाहती किलोमीटरभर आत आहेत. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, त्यात थोडे गवत आणि खडे. ऑक्टोबरमध्ये मादी दोन अंडी घालते. पहिले लहान, दुसरे त्याच्या जवळजवळ दीडपट. यातले पहिले अंडे बहुधा वायाच जाते. पुष्कळदा दुसरे अंडे येण्याच्या सुमारास मादी स्वतःच पहिले अंडे घरट्याबाहेर ढकलून देते. मग ते घालते तरी कशाला? सर्वच तुरेवाल्या पेंग्विनांत थोड्याफार फरकाने हे दिसते आणि त्याचे सर्वांना पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही. शिक्षकांनी हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. उत्तर पुस्तकात नसलेला प्रश्न वर्गात एखादा तरी असावा.

नर-मादी पाळीपाळीने सुमारे पस्तीस दिवस अंडे उबवतात. पाळी दहा-बारा दिवसांची असते आणि पाळीवरचा पक्षी उपाशी असतो. पिल्लू बाहेर आले की पहिले दोन-तीन आठवडे नर त्याच्याजवळ राहतो आणि मादी समुद्रातून क्रिल व लहान मासे आणून भरवते. नंतर सगळी पिल्ले एकत्र घोळक्यात राहतात, आणि दोन महिन्यांची झाली की समुद्रात जातात. मोठे पक्षी पोटभर खाऊन पुन्हा बेटावर येतात. हे येणे पिसे बदलण्यासाठी असते.

इतर पक्षी पिसे थोडी थोडी टाकतात. पेंग्विनला ते परवडत नाही. त्याचा पिसारा म्हणजे पाणी आत न शिरू देणारा कोट. कोटाला अर्धी बाही नसली तर बर्फगार पाण्यात जाता येणार नाही. म्हणून तो सगळी पिसे एकदम बदलतो, आणि तोवर तीन-चार आठवडे पाण्याबाहेर उपाशी उभा राहतो. हा उपास सोसता यावा म्हणून त्याआधी समुद्रात तो स्वतःला भरून घेतो. कातडीखाली चरबीचा जाड थर साठतो आणि पक्षी एरवीपेक्षा कितीतरी जड होतो.

अशा वेळी तो किनाऱ्यावर येतो. त्याला उडता येत नाही. जमिनीवरच्या शत्रूची त्याला सवय नाही, म्हणून माणूस पाहून तो पळत नाही. आणि त्याच्याबरोबर त्याच्यासारखे हजारो असतात. तेल काढणाऱ्याला याहून सोयीचा प्राणी मिळणे कठीण.

धंदा

जोसेफ हॅच हा लंडनमध्ये जन्मलेला, न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिल गावात स्थायिक झालेला औषधविक्रेता. खटपटी माणूस. गावाचा महापौर झाला. १८८४ ते १८८७ न्यूझीलंडच्या संसदेत सभासद होता. १८९०च्या सुमारास त्याने मॅक्वारीवर माणसे पाठवून पेंग्विनचे तेल काढायला सुरुवात केली. यासाठी लागणारी यंत्रे आपल्याला अनोळखी नाहीत. एक मजलाभर उंच प्रेशर कुकर डोळ्यांपुढे आणावा: लोखंडाचे उभे बंद पात्र, त्यात खच्चून भरलेले पक्षी, आणि शेजारच्या बॉयलरमधून येणारी दाबाखालची वाफ. चरबी वितळून वर येते, ती काढून पिंपांत भरायची.

पहिला घाव किंग पेंग्विनांवर पडला. हे रॉयलपेक्षा कितीतरी मोठे. एकेकाचे वजन बारा-तेरा किलो. ते सपाट किनाऱ्यावरच राहतात, त्यामुळे आणायला सोपे. त्यांच्या दोन मोठ्या वसाहती होत्या. उत्तरेकडची पूर्ण संपली. लुसिटानिया उपसागराच्या काठची उरली ती नावापुरती. मग काही वर्षांतच हॅचने यंत्रे पूर्व किनाऱ्यावरच्या ‘नगेट्स’ या ठिकाणी रॉयल पेंग्विनांच्या वाटेवर उभी केली. १९०५च्या सुमारास तिथे एका वेळी दोन हजार पक्षी शिजवण्याची सोय झाली होती. एका पक्ष्यापासून मिळणारे तेल सुमारे अर्धा लिटर. हिशेब करून पाहा: दोन हजार पक्षी मारले की तेल एक टनाच्या आत-बाहेर. एका हंगामात दीड लाखापर्यंत पक्षी मारले जात, आणि या साऱ्या काळात मिळून सुमारे तीस लाख मारले गेले असावेत असा अंदाज सांगतात.

या तेलाचे करायचे काय? त्यातले बरेचसे जाई दोर आणि सुतळीच्या कारखान्यांत. गव्हाच्या पेंढ्या यंत्राने बांधायची सुतळी तेव्हा सगळीकडे हवी होती आणि तिचे तंतू मऊ करायला तेल लागे. वाफेच्या युगात शेतीची यंत्रे वाढली, आणि त्याची एक किंमत दक्षिण महासागरातल्या एका पक्ष्याने मोजली. सुतळी वापरणाऱ्या शेतकऱ्याला याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते.

माणसांचेही हाल कमी नव्हते. बेटाला बंदर नाही. मजुरांना महिनोन्‌महिने जहाजाची वाट पाहावी लागे. १८९१ साली त्यांना आणायला गेलेले ‘काकानुई’ हे जहाज परतीच्या वाटेवर नाहीसे झाले, ते कायमचे. १९१० साली ‘जेसी निकोल’ आणि १९११ साली ‘क्लाइड’ ही जहाजे बेटावरच फुटली. हॅच मात्र चिवट होता. १९०२ पासून टास्मानिया सरकारचा भाडेपट्टा त्याच्याकडे होता आणि धंदा, तोट्यात का होईना, चालू राहिला.

वाद

१९११च्या डिसेंबरात डग्लस मॉसन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या अंटार्क्टिक मोहिमेचे जहाज मॅक्वारीवर थांबले. मॉसनने तिथे पाच माणसे ठेवली. बेटाच्या उत्तर टोकाच्या टेकडीवर त्यांनी बिनतारी संदेशांचे केंद्र उभारले, नकाशे केले, हवामानाच्या नोंदी ठेवल्या, प्राण्यांचा अभ्यास केला. आणि आपल्या शेजारीच चाललेला तेलाचा धंदाही पाहिला. अशा रीतीने तीस वर्षांच्या या उद्योगाला सुशिक्षित साक्षीदार मिळाले.

पहिले महायुद्ध संपल्यावर मॉसनने हा प्रश्न लावून धरला. इंग्लंडमधून त्याला साथ मिळाली ती ॲप्स्ली चेरी-गॅरार्डची. हा स्कॉटच्या मोहिमेतला तरुण. १९११च्या ऐन ध्रुवीय हिवाळ्यात दोन सोबत्यांबरोबर जिवावर उदार होऊन तो एम्परर पेंग्विनची अंडी आणायला गेला होता. एच. जी. वेल्सने १९१९ सालच्या आपल्या ‘द अनडाइंग फायर’ या कादंबरीत या कत्तलीचा विषय आणला. वर्तमानपत्रांत पत्रे येऊ लागली. जिवंत पेंग्विन उकळत्या पात्रात ढकलले जातात, अशी वर्णने छापली गेली. ऐंशीच्या घरात पोचलेला हॅच तेव्हा टास्मानियात राहत होता. तो गप्प बसला नाही. त्याने जादूच्या दिव्याने काचचित्रे दाखवत गावोगाव व्याख्याने दिली. जिवंत पक्षी उकळण्याची गोष्ट धादांत खोटी आहे, असे त्याने निक्षून सांगितले. आणि दुसरे असे, की इतकी वर्षे काम करूनही नगेट्सच्या वाटेवर पेंग्विन पूर्वीइतकेच येतात, उलट वाढलेच आहेत.

त्याचे कोणी ऐकले नाही. टास्मानिया सरकारने भाडेपट्टा पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि १९२० पर्यंत हा धंदा संपला. हॅच १९२८ साली होबार्टमध्ये वारला. १९३३ साली मॅक्वारी बेट अभयारण्य झाले.

आता प्रश्न असा, की हॅच खोटे बोलत होता का?

किंग पेंग्विनांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. त्यांची वसाहत डोळ्यांदेखत नष्ट झाली होती. मॉसन १९३० साली पुन्हा बेटावर गेला. त्या सुमारास किंग पेंग्विनांची संख्या सुमारे ३,४०० होती, असे मानतात. रॉयलच्या बाबतीत मात्र, आमच्या मते, म्हाताऱ्याचे म्हणणे अगदीच निराधार नसावे. धंदा थांबल्यावर बेटावर गेलेल्यांना रॉयलच्या वसाहती गजबजलेल्या दिसल्या. १९८०च्या दशकात त्यांची गणती झाली, तेव्हा अंदाज निघाला सुमारे साडेआठ लाख जोड्यांचा. यातली सर्वांत मोठी वसाहत बेटाच्या दक्षिण टोकाला हर्ड पॉइंटवर आहे.

एकच बेट, एकच यंत्र, एकच व्यापारी. मग दोन जातींचे नशीब इतके वेगळे का? उत्तर त्यांच्या राहणीत सापडते. किंग पेंग्विनला एक पिल्लू वाढवायला वर्षाहून अधिक काळ लागतो. तीन वर्षांत फार तर दोन पिल्ले. पिल्ले हिवाळाभर किनाऱ्यावरच असतात, म्हणजे वसाहत बारा महिने माणसाच्या हाताशी. आणि त्यांच्या मोठ्या वसाहती होत्याच दोन. रॉयल पेंग्विन याउलट जवळजवळ पाच महिने बेटावर नसतातच. जणू निसर्गानेच घातलेली शिकारबंदी. जोडी दर वर्षी एका पिल्लाचा प्रयत्न करते. वसाहती बेटभर विखुरलेल्या आहेत, काही आत डोंगरात. आणि यंत्र तर नगेट्सवर बसवलेले. शिवाय १९५०-६०च्या दशकांत पक्ष्यांच्या परांना क्रमांकाच्या पट्ट्या लावून अभ्यास झाला, त्यात दिसले की रॉयल पेंग्विन पाच वर्षांचे होण्याआधी अंडी घालत नाहीत. बरेचसे सात ते नऊ वर्षांचे झाल्यावरच घालतात. म्हणजे वसाहतीच्या मागे पाच-सात वर्षांच्या तरुण पक्ष्यांची फौज उभी असते. त्यातले काही मारले गेले तरी घरटी लगेच रिकामी पडत नाहीत.

समजा, साडेआठ लाख जोड्यांपैकी निम्म्यांनी एकेक पिल्लू समुद्रापर्यंत पोचवले. (हे केवळ हिशेबासाठी धरलेले गृहीत आहे.) म्हणजे वर्षाला सव्वाचार लाख पिल्ले. त्यातून दीड लाख पक्षी कमी करणे ही काही थट्टा नव्हे. पण ते लगेच डोळ्यांत भरेल असेही नाही. ही मेख आहे. ज्या जातीत प्रौढपण उशिरा येते, तिथे नुकसान उशिरा दिसते. ‘अजून तर पुष्कळ दिसतात’ हे हॅचचे निरीक्षण खरे असले, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष पक्का ठरत नाही. आणि धंद्याच्या आधी किती पक्षी होते, याचा आकडा त्याच्याकडेही नव्हता. किनाऱ्यावर एक लाख पक्षी उभे असोत की दोन लाख, पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच ‘असंख्य’ वाटतात. विरोधकांचीही हीच गत होती. त्यांच्या बाजूने होती ती माणुसकी, आणि किंग पेंग्विनांचे ताजे उदाहरण. आम्हाला वाटते, तेवढ्यावर धंदा बंद केला हे योग्यच झाले. पण ‘जात नष्ट होत होती म्हणून वाचवली’ असे जे सर्रास लिहिले जाते, ते रॉयलपुरते तरी कोणी सिद्ध केलेले नाही.

इतके पक्षी मोजायचे तरी कसे, असे मुले विचारतील. एकेक पक्षी कोणी मोजत नाही. वसाहतीचे क्षेत्रफळ काढायचे, ठिकठिकाणी ठरावीक आकाराच्या चौकोनात घरटी किती ते मोजायचे, आणि गुणाकार करायचा. वर्गात चादरीवर ज्वारीचे दाणे पसरून हा प्रयोग सहज करता येतो. आधी नुसता नजरेने अंदाज करायला सांगावे, मग चौकोन पद्धतीने. दोन आकड्यांतले अंतर पाहिले की हॅच आणि मॉसन यांच्या वादातली अडचण मुलांना आपोआप कळेल.

मागे राहिलेले पाहुणे

यंत्रे थांबली, तरी सीलमाऱ्यांनी आणलेले प्राणी बेटावरच होते. मांजरे, जहाजांतून उतरलेले उंदीर-घुशी, न्यूझीलंडचा वेका हा पक्षी, आणि १८७८ च्या सुमारास खाण्यासाठी सोडलेले ससे. वेका १९८८ पर्यंत संपवले गेले. मांजरे समुद्रपक्षी मारत. शेवटचे मांजर २००० साली मारले गेले. पण मांजरे सशांनाही खात होती. पूर्वी सशांमध्ये सोडलेल्या रोगाचा प्रभाव तोवर ओसरत आला होता. तशात मांजरे गेली आणि सशांची संख्या एकदम वाढली. त्यांनी उतारांवरचे गवत मुळापासून कुरतडले. २००६च्या सप्टेंबरात मुसळधार पावसानंतर लुसिटानिया उपसागरावरचा उघडा पडलेला उतार खचला आणि त्याखाली किंग पेंग्विन गाडले गेले. तेलवाल्यांच्या मागे उरलेल्या वसाहतीवरच हा कडा कोसळावा, हा योगायोग नव्हे. ससेही त्या जुन्या धंद्याबरोबरच आलेले होते.

यानंतर ससे, घुशी आणि उंदीर एकदम संपवण्याची मोहीम आखली गेली. २०१० साली हवामानाने साथ दिली नाही. २०११ साली हेलिकॉप्टरमधून सबंध बेटावर विषारी आमिष टाकले. उरलेसुरले ससे प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने शोधण्यात आले. २०१४ साली बेट या प्राण्यांपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. या मोहिमेचा खर्च सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. आमिष खाऊन मेलेले प्राणी खाल्ल्याने स्कुआ आणि जायंट पेट्रेल हे पक्षीही पुष्कळ मेले, हेही सांगायला हवे. पण गवत पुन्हा वाढले, उतार हिरवे झाले. २०२३ साली बेटाभोवतीच्या समुद्रातले संरक्षित क्षेत्र वाढवून सुमारे पावणेपाच लाख चौरस किलोमीटर करण्यात आले, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपट. रॉयल पेंग्विन आपले बहुतेक आयुष्य पाण्यात काढतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने बेटाइतकेच हे पाणीही महत्त्वाचे.

आणि किंग पेंग्विन? १९३० साली सुमारे ३,४०० असलेले हे पक्षी १९८० साली सुमारे २,१८,००० झाले होते. पन्नास वर्षांत चौसष्टपट, म्हणजे सहा वेळा दुप्पट. दर आठ-सव्वाआठ वर्षांनी संख्या दुप्पट होत गेली. २०१२ साली शास्त्रज्ञांनी बेटावरच्या जुन्या हाडांमधला डी.एन.ए. आणि आजच्या पक्ष्यांचा डी.एन.ए. ताडून पाहिला. इतकी मोठी घट होऊनही वसाहतीतली आनुवंशिक विविधता पूर्वीसारखी झाली आहे, असे त्यांना आढळले.

लुसिटानिया उपसागराच्या काठी हॅचची वाफेची पात्रे अजून उभी आहेत, गंजून लाल झालेली. वसाहत वाढत वाढत त्यांच्या भोवती पसरली आहे आणि किंग पेंग्विन त्यांना टेकून अंडी उबवतात. पर्यटकांना तिथे उतरायची परवानगी नाही. ते दृश्य होडीतूनच पाहावे लागते.